अकरावीत मानसशास्त्र कशासाठी?

दहावीचा निकाल लागला की आळंदी-चाकण परिसरातील अनेक घरांत दोनच वाटांची चर्चा होते : विज्ञान शाखा किंवा आयटीआय. कला शाखेतील मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय ‘वेड्यांचा अभ्यास’ म्हणून बाजूला सारला जातो. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

मनाचा अभ्यास प्रयोगाच्या पायावर व्हावा, या हेतूने विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली. अवधान, स्मरण, अध्ययन, भावना, व्यक्तिमत्त्व हे या शास्त्राचे विषय. मनोविकार हा त्याचा केवळ एक भाग होय.

बुद्धिमापनाचेच उदाहरण घ्या. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी पॅरिसमध्ये चाचणी तयार केली, ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून विशेष शिक्षण देता यावे म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरलेली व अचल असते, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे अमेरिकेत मात्र अशाच चाचण्यांच्या आधारे काही समूहांना जन्मतः कनिष्ठ ठरविण्यात आले. जन्मावरून योग्यता ठरविणाऱ्या व्यवस्थेचे चटके सोसलेल्या समाजातील मुलांनी हे शास्त्र मुळातून जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पालकांनी हेही ध्यानात घ्यावे, की केवळ बारावीच्या अभ्यासाने कोणी समुपदेशक होत नाही. त्यासाठी पदवी व पदव्युत्तर शिक्षण हवे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही लागते. मात्र विज्ञान वा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनाही बी.ए.ला हा विषय घेता येतो. निवड मुलाच्या ओढीवरून व्हावी, ऐकीव भीतीवरून नव्हे.