खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्या आणि बाप्तिस्म्याचा प्रश्न

ख्रिस्ती कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती मंडळ्यांनी एकमुखाने कधीच दिलेले नाही. ज्याने बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ती, हे व्यवहारातील उत्तर सोयीचे आहे. परंतु बाप्तिस्मा विश्वासामागून यावयाचा की विश्वासाच्या आधीही देता यावयाचा, हा वाद त्यात दडलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः अहमदनगरच्या परिसरात, या वादाची धार फारशी जाणवली नाही. खानदेशात मात्र ती जाणवते. याचे कारण तेथे कोणती मिशने आली, यात शोधावे लागते.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले गेलेले जिल्हे ते हेच. धुळ्यातून नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. एकाच प्रदेशात अनेक मिशनांनी परस्परांशी स्पर्धा करू नये, म्हणून प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत क्षेत्रे वाटून घेतली होती. या वाटणीत पूर्व खानदेश व वऱ्हाड या पट्ट्यात अमेरिकेतील ए. बी. सिम्प्सन यांनी स्थापिलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम वाढले. पश्चिमेकडे, धुळे-नंदुरबार भागात व नवापूरकडील भिल्ल-मावची वस्तीत, फ्रेड्रिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाच्या प्रेरणेने निघालेल्या स्कँडिनेव्हियन व स्वीडिश अलायन्स मिशनांनी पाय रोवले. ही सर्व मिशने एका विशिष्ट धार्मिक जागृतीची अपत्ये होत. जुन्या राष्ट्रीय चर्चमध्ये जन्माने सभासद झालेल्या, पण अंतःकरणाने उदासीन असलेल्या लोकांविरुद्धची प्रतिक्रिया त्यांच्या मुळाशी होती. साहजिकच व्यक्तीने स्वतः केलेली विश्वासाची कबुली हाच त्यांच्या धर्मविचाराचा कणा ठरला.

या भूमिकेचा परिणाम अलायन्स मंडळ्यांच्या रीतीत स्पष्ट दिसतो. तेथे तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. आईवडील त्याला मंडळीसमोर आणून देवाला अर्पण करतात. मूल जाणते झाल्यावर त्याने स्वतः साक्ष द्यावी आणि मग पाण्यात बुडवून त्याचा बाप्तिस्मा व्हावा, असा क्रम आहे. याउलट अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल परंपरेचे. १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये नगरला सुरू झालेल्या या मिशनच्या मंडळ्यांत विश्वासी पालकांच्या अपत्यांना बालपणीच बाप्तिस्मा मिळे. कॅथलिक परंपरेत तर स्नानसंस्कार बालपणी व दृढीकरण पुढे, ही व्यवस्था फार जुनी आहे. (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात.) भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी नोकरीनिमित्त निरनिराळ्या परंपरांतील कुटुंबे एकत्र येतात, तेव्हा हा भेद पुस्तकी राहत नाही. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला विश्वासाचा बाप्तिस्मा घ्यावयास सांगणे म्हणजे एका मंडळीच्या दृष्टीने आज्ञापालन, तर दुसरीच्या दृष्टीने पूर्वी झालेल्या संस्काराचा अवमान. दोन्ही बाजूंची सद्बुद्धी मान्य करूनही हा पेच सुटत नाही.

भिल्ल वस्तीत याच तत्त्वापुढे वेगळी अडचण उभी राहते. पाड्यावरील जीवनात महत्त्वाचे निर्णय एकट्याने घेतले जात नाहीत. विवाह, स्थलांतर, दैवताचा नवस या सर्वांत भाऊबंदांचे मत असते. अशा समाजात प्रत्येकाचा विश्वास वेगळा करून तपासावयाचा, तर कुटुंब फुटण्याची भीती. न तपासावा, तर मिशनच्या मूळ भूमिकेलाच बाध. जे. डब्ल्यू. पिकेट यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील सामुदायिक धर्मांतराच्या पाहणीत समूहाने स्वीकारलेला विश्वास व्यक्तीच्या विश्वासाहून खोटा असतोच असे नाही, असे प्रतिपादन केले. एकेकट्याचे परिवर्तन हाच आदर्श मानणाऱ्यांना हा विचार सहजासहजी पचण्यासारखा नव्हता.

वैयक्तिक विश्वासाच्या याच आग्रहातून अगदी उलट दिशेचा निष्कर्षही निघू शकतो, याचे उदाहरण रेव्ह. नारायण वामन टिळक यांचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी त्या वेळी धर्म बदलला नाही. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे परतल्या त्याही हिंदू म्हणूनच, आणि बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा निर्णय झाल्यावर. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे ध्यानात येते की या घरात विश्वास हा पतीकडून पत्नीकडे आपोआप आलेला नव्हता. पुढे १९०७ मध्ये जळगाव येथे कविसंमेलन भरले. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' हे नाव तेथेच मिळाले, आणि नंतर टिळकांनी या तरुणाला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात बालकवी मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. वाङ्मयेतिहासात हा प्रसंग काव्यासाठी सांगितला जातो, पण टिळकांच्या धर्मविचाराच्या अभ्यासकानेही त्याची नोंद घ्यावयास हवी.

कारण दहा वर्षांनी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. अलायन्सवाले म्हणत, विश्वास नसेल तर बाप्तिस्मा व्यर्थ. टिळकांचा रोख असा की, विश्वास असेल तर केवळ बाप्तिस्म्याअभावी कोणाला दूर का लोटावे? आधारवाक्य जवळजवळ एकच. पण पहिल्याने मंडळीचे कुंपण अधिक घट्ट झाले, दुसऱ्याने ते सैल झाले. शब्दांचा भेदही येथे बोलका आहे. मराठी प्रॉटेस्टंटांचा रूढ शब्द 'विश्वास', आणि त्याच्या पाठोपाठ 'साक्ष' येते. हे दोन्ही शब्द चारचौघांत उभे राहून कबुली देण्याशी जोडलेले आहेत. टिळकांनी वारकरी परंपरेतून 'भक्ती' उचलली, आणि भक्तीला सभासदवहीची गरज नसते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचा मृत्यू झाला व दरबार फार काळ टिकला नाही. तो एका व्यक्तीच्या तेजावर उभा होता, हे त्याचे वैगुण्य नाकारता येणार नाही.

संघटनेच्या पातळीवर तडजोडीचा मोठा प्रयत्न २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने केला. बालबाप्तिस्मा व प्रौढ विश्वासीयांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती तिने पर्याय म्हणून मान्य केल्या. मराठी मिशनची परंपरा या ऐक्यात आली. अलायन्सची मंडळी बाहेर राहिली.

कायद्याने या प्रश्नाला आणखी एक अर्थ दिला आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू, आणि पुढील दुरुस्त्यांनी (१९५६ व १९९०) शीख व बौद्ध, यांनाच त्या सवलती मिळतात. ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाहीत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. म्हणून नवापूरच्या ख्रिस्ती भिल्लाचा दर्जा बाप्तिस्म्याने बदलत नाही, पण जळगाव जिल्ह्यातील महार किंवा मांग कुटुंबाचा बदलतो. अशा कुटुंबातील एखादा माणूस ख्रिस्तावर विश्वास ठेवूनही बाप्तिस्मा लांबणीवर टाकत असेल, तर त्यास केवळ भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पुदुच्चेरीचे एक प्रकरण निर्णयास आले. त्यातील स्त्रीचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला होता, आणि आपण हिंदू असल्याचे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने बाप्तिस्म्याची नोंद व चर्चमधील नियमित उपस्थिती विचारात घेऊन अनुसूचित जातीच्या दाखल्याची तिची मागणी अमान्य केली. अलायन्सच्या मंडळीने जो बाप्तिस्मा मुळी बाप्तिस्माच मानला नसता, तो न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य ठरला.