ज्योत्स्ना भोळे

ज्योत्स्ना केशव भोळे (पूर्वाश्रमीच्या दुर्गा केळेकर; जन्म : बांदिवडे, गोवा, ११ मे १९१४; मृत्यू : पुणे, ५ ऑगस्ट २००१) या मराठी संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री व गायिका होत्या. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) आणि ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकांतील भूमिकांमुळे त्या प्रसिद्धीस आल्या. स्त्री-भूमिका पुरुष नटांनी करण्याची प्रथा ओसरत असताना आणि नाट्यपदाचे स्वरूप बदलत असताना त्यांची कारकीर्द घडली. या दोन्ही स्थित्यंतरांत त्यांचा वाटा महत्त्वाचा आहे.

बालपण व संगीतशिक्षण

गाण्याची आवड त्यांना लहानपणापासून होती. त्यांच्या भगिनी गिरिजाबाई केळेकर याही गायिका होत्या. गोव्याहून मुंबईस आल्यावर आग्रा घराण्यातील उस्ताद खादिम हुसेन खाँ यांच्यासारख्या गुरूंकडे त्यांना शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली.

मुंबईतच त्यांची संगीतकार व समीक्षक केशवराव भोळे (१८९६–१९७७) यांच्याशी ओळख झाली व १९३२ साली त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर दुर्गा केळेकर यांच्या ज्योत्स्ना भोळे झाल्या. केशवराव ‘एकलव्य’ या टोपणनावाने संगीतविषयक लेखन करीत. गाताना शब्दांचा अर्थ व भाव झाकोळला जाऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. पुढे ते प्रभात फिल्म कंपनीत संगीत दिग्दर्शक झाले. ‘संत तुकाराम’ (१९३६) व ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटांचे संगीत त्यांचेच.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक प्रतिष्ठित मराठी नाटक मंडळ्यांत नायिकेची भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांनी ही परंपरा लोकप्रियतेच्या शिखरावर नेली होती. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या आणि हिराबाई बडोदेकरांनीही आपल्या मंडळीतर्फे स्त्री-पुरुषांची एकत्र नाटके रंगविली होती. तथापि रंगभूमीवर वावरणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी स्वच्छ नव्हती. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. बोलपटांच्या आकर्षणापुढे अनेक नाटक मंडळ्या मोडकळीस आल्या. रंगभूमीने नवे रूप धारण करणे आता अपरिहार्य झाले होते.

आंधळ्यांची शाळा

या गरजेतून काही सुशिक्षित तरुणांनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले नाटक ‘आंधळ्यांची शाळा’ १ जुलै १९३३ रोजी मुंबईत सादर झाले. नॉर्वेजियन नाटककार ब्यॉर्नसन यांच्या नाटकाचे हे श्री. वि. वर्तक यांनी केलेले रूपांतर होते. विवाहापूर्वीच्या शुद्ध वर्तनाची अपेक्षा केवळ स्त्रीकडूनच का, हा मूळ नाटकातील प्रश्न. असे कथानक मांडणाऱ्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे, हे विषयाशीही सुसंगत होते. ज्योत्स्नाबाईंनी यात बिंबाची भूमिका केली. नाटकात मोजकीच गाणी होती. केशवरावांच्या चालींत आलापी-तानांचा विस्तार नव्हता; पद प्रसंगातून उमलावे आणि संपताच कथानक पुढे सरकावे, अशी त्यांची योजना होती. नाट्यमन्वंतर अल्पायुषी ठरली, परंतु या प्रयोगापासून मराठी नाटकात नवे पर्व सुरू झाले, असे अभ्यासक मानतात.

नाट्यनिकेतन व कुलवधू

मो. ग. रांगणेकर यांनी १९४१ साली ‘नाट्यनिकेतन’ ही संस्था काढली. तिच्या ‘कुलवधू’ या नाटकातील भानुमती ही ज्योत्स्नाबाईंची सर्वांत गाजलेली भूमिका होय. अभिनेत्री म्हणून नाव मिळविणारी पत्नी आणि त्यामुळे दुखावणारा पतीचा अहंकार, हा या नाटकाचा विषय आहे. इब्सेनच्या नोराशी भानुमतीची तुलना करण्यात येते. मास्टर कृष्णराव यांच्या संगीतातील ‘बोला अमृत बोला’ हे त्यांचे पद घरोघरी पोहोचले. स्त्रीने रंगमंचावर यावे की नाही, हा वाद अद्याप संपलेला नसताना, कलावंत गृहिणीची व्यथा एका विवाहित अभिनेत्रीने रंगमंचावर मांडावी, हेही या यशामागील एक कारण असावे.

पुढे मामा वरेरकर यांच्या ‘भूमिकन्या सीता’ या नाटकातील त्यांची गाणीही रसिकप्रिय झाली.

गायनशैली

ज्योत्स्नाबाईंचा आवाज गोड, किंचित धारदार व लवचिक होता. रागदारीची बैठक असूनही पदाची मैफल करण्याचा मोह त्यांनी टाळला. छोटी हरकत, स्वच्छ शब्दोच्चार आणि प्रसंगानुरूप स्वरांचा चढउतार ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होत. त्यामुळेच नाट्यगीताइतकीच त्यांची भावगीतेही ध्वनिमुद्रिका व आकाशवाणीद्वारे लोकप्रिय झाली. राजा बढे यांनी लिहिलेले व पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले ‘माझिया माहेरा जा’ हे गीत त्यांत अग्रगण्य आहे.

लेखन, सन्मान व स्मारक

‘आराधना’ हे नाटक त्यांनी लिहिले, तर ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ हे त्यांचे आत्मकथनपर पुस्तक आहे. १९७६ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्यातील हिराबाग येथील ‘ज्योत्स्ना भोळे सभागृह’ त्यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे नाटकांचे व संगीताचे कार्यक्रम होतात.