भेटण्याची वेळ

दवाखान्यातली खाट थेट संग्रहालयात मांडली तर? बॉब फ्लॅनागन या अमेरिकन कलाकाराने १९९२ मध्ये सँटा मोनिकाच्या कला संग्रहालयात तेच केलं. प्रयोगाचं नाव 'व्हिजिटिंग अवर्स'. खाटेवरचा रुग्ण तो स्वतः, आणि आजार अगदी खरा: सिस्टिक फायब्रोसिस. जन्मजात. फुप्फुसांत दाट, चिकट कफ साचत राहतो आणि श्वास घेणं हेच रोजचं काम होऊन बसतं. याच आजाराने त्याच्या दोन बहिणी गेल्या होत्या.

लोक यायचे, खाटेशेजारी बसून गप्पा मारायचे. (आपण शहाळं घेऊन जातो आणि काय बोलावं तेच सुचत नाही, तसं त्यांचंही होत असणार!) मग मध्येच त्याचे पाय बांधून त्याला उलटं वर खेचलं जायचं. मला आधी हे निव्वळ धक्कातंत्र वाटलं होतं. पण इस्पितळात शरीर दुसऱ्यांच्या हाती असतं. इथे दोरी त्याच्या मर्जीने ओढली जात होती. सोबत होती जोडीदार आणि सहकलाकार शेरी रोझ.

१९९४ मध्ये हे न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्येही झालं. जानेवारी १९९६ मध्ये तो गेला, वय ४३. त्याच्यावरचा कर्बी डिकचा 'सिक' हा माहितीपट मिळाला तर जरूर बघा. जेवताना मात्र नको.