पुस्तकांचा हिशेब, वाचकाचे गुपित

एखाद्या गृहस्थाने लागोपाठ तीन महिने वाचनालयातून पार्किन्सनवरची पुस्तके नेली, तर त्याच्या घरात काय चालले आहे हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. वाचकाच्या खात्यावरची ही यादी रुग्णाच्या केसपेपरइतकीच नाजूक असते. केसपेपर कोणी टेबलावर उघडा टाकून जात नाही. निदान जाऊ नये. ग्रंथालयाच्या नोंदींबाबत मात्र असा विचार फारसा होत नाही. आता तो करावा लागेल, कारण या नोंदींतून आलेख आणि नकाशे काढणारी साधने साध्या सार्वजनिक ग्रंथालयांच्याही आवाक्यात आली आहेत.

साधने कामाची आहेत, यात वाद नाही. अमेरिकेतील सिएटल शहराच्या ग्रंथालयात जॉर्ज लेग्रेडी या कलावंताने २००५ साली सहा पडदे बसवले. नुकतीच कोणती पुस्तके बाहेर गेली, हे त्यांवर हलत्या चित्रांत दिसते. हेच ग्रंथालय कोणते पुस्तक कोणत्या महिन्यात किती वेळा नेले गेले याची आकडेवारीही सर्वांसाठी खुली ठेवते. मधुमेहावरच्या पुस्तकांना मागणी वाढते आहे का, कोणत्या आजारावर सोप्या भाषेतले पुस्तक हवे, हे त्यातून शोधता येते. आरोग्य खात्यालाही ही माहिती उपयोगी पडावी. पण त्या तक्त्यात एक रकाना नाही: पुस्तक कोणी नेले.

तेवढे पुरते का? नेहमी नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यनोंदी १९९०च्या दशकात नावे काढून संशोधकांना दिल्या गेल्या. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने वीस डॉलरना मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. नाव पुसले तरी माणूस सापडला.

वाचनालयाच्या नकाशातही हेच होऊ शकते. मोठ्या शहराच्या एका विभागात एचआयव्हीवरची दोनशे पुस्तके गेली, हा आकडा निरुपद्रवी आहे. पण तालुक्याच्या गावात एका आळीतून एकच पुस्तक गेले, तर नकाशावरचा तो ठिपका म्हणजे एका घराचा पत्ताच. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेची आकडेवारी प्रसिद्ध करताना अकराहून कमी रुग्णांचा आकडा दाखवतच नाहीत. हा नियम ग्रंथालयांनी जसाच्या तसा उचलायला हरकत नाही.

गंमत म्हणजे जुन्या ब्राऊन पद्धतीत हा प्रश्न आपोआप सुटलेला होता. पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात अडकवून ट्रेमध्ये ठेवत. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकाच्या खिशात, तिकीट वाचकाच्या हातात. पुस्तक कोणी नेले होते, याचा मागमूस तिथेच संपे. संगणक मात्र सांगितल्याशिवाय काही विसरत नाही.

न्यूझीलंडमध्ये जन्मलेली आणि भारतातही अनेक ग्रंथालये वापरत असलेली ‘कोहा’ ही मोफत प्रणाली घ्या. तिच्यात पुस्तक परत आल्यावर त्या नोंदीवरून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय आहे. पुस्तकांचे आकडे शाबूत राहतात, आलेखही निघतात. फक्त ती सोय कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.