मला तेव्हाच वाटलं होतं!

घर आणि हिशेब : लेखांक ११

दिवाळीत पुण्यातल्या घरांची तपासणी दोनदा होते. पहिली रंगारी गेल्यावर घरचेच करतात. दुसरी, आणि जास्त कडक, भाऊबीजेला आलेले नातेवाईक करतात. चपला काढता काढताच विचारणा होते, ‘कितीला पडलं?’ आकडा सांगितला की क्षणभर कुणी बोलत नाही. मग, ‘अरे, मला विचारायचं ना! बोहरी आळीत आपल्या ओळखीचे आहेत.’ त्या घटकेपर्यंत बाथरूममधले नळ बरे दिसत होते.

गेल्या आठवड्यात सुताराचं एस्टिमेट कसं वाचायचं ते पाहिलं. आज त्याच्या पुढचं. पैसे गेले आहेत, काम झालं आहे, गवंडी पुढच्या साइटवर पोचला आहे आणि आपण रोज रात्री त्याच फरशीकडे बघत मनातल्या मनात दुसरी फरशी बसवतो आहोत. या हळहळीचं काय करायचं?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. दोष असेल तर हळहळत बसायचं कारण नाही, तक्रार करायची. सिंकखालचा प्लाय फुगला, लॅमिनेट सुटलं, ट्रॉलीचं चॅनेल सहा महिन्यांत अडकायला लागलं, तर हा आवडीनिवडीचा मामला उरत नाही. बिलावर मरीन प्लाय लिहिलं असेल तर फळीवर आयएस ७१० असा शिक्का हवा. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा शिक्का. बिल पक्कं असेल तर २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघावा. नव्या फ्लॅटला रेराचं कलम १४ लागू होतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. मात्र ताबा मिळाल्या मिळाल्या तुम्ही बाथरूम फोडून खालचा कोबा हलवला असेल, तर गळती कुणाची यावर बिल्डर वाद घालणार, आणि त्याच्या वादात दम असणार.

एवढं सांगून झालं की उरतो तो मोठा भाग. वस्तूत काही खोट नाही, फक्त ती नको होती असं आता वाटतं.

इथे ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ हे वाक्य घरात शिरतं, आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. कुणी मुद्दाम खोटं बोलतं असं नाही, आठवणच बदललेली असते. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर गेले, त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना काही अंदाज विचारले होते. निक्सन माओंना भेटतील का, अमुक होईल का, तमुक होईल का, आणि त्याची शक्यता किती? दौरे आटोपल्यावर त्यांनाच पुन्हा विचारलं, की तेव्हा तुम्ही काय आकडे दिले होते ते आठवून सांगा. जे घडलं असं विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्याबद्दल आपण आधी जास्त खात्रीने बोललो होतो असं बहुतेकांना आठवलं. हा अभ्यास १९७५ साली छापून आला. आता पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घ्या. दुकानात चौघेही म्हणाले होते, ‘काय उजेड पडेल हॉलमध्ये!’ जून उजाडला, ओल्या पायांनी आजी आत आल्या, घसरता घसरता वाचल्या, आणि संध्याकाळपर्यंत चौघांपैकी तिघांना आठवलं की आपला पहिल्यापासून विरोध होता. चौथ्याने बिल भरलेलं असतं.

यावर एक अगदी साधा उपाय मला पटतो. खरेदीच्या दिवशी कोटेशनच्या मागच्या बाजूला, घरातल्या सगळ्यांसमोर, तीन ओळी लिहून ठेवाव्यात. हीच का घेतली, दुसरी का सोडली, कोण काय म्हणालं. ‘मॅट फिनिश स्टॉकमध्ये नव्हती, मेच्या आत काम संपवायचं होतं, बजेट संपलं होतं.’ पुढे घरात चौकशी समिती बसली की हा कागद कामाला येतो. तेव्हा हाती असलेल्या माहितीवर निर्णय बरा होता हे त्यातून दिसतं. आणि बरा नव्हता हे दिसलं, तरी निदान कशात चुकलं ते नेमकं कळतं.

स्वयंपाकघराबाबत मात्र मी इतका उदार होणार नाही. तिथली चूक अनेकदा विचारायचं राहून गेल्यामुळे होते, आणि तिचं उत्तम उदाहरण म्हणजे ओट्याची उंची. अमेरिकी स्वयंपाकघरात ओटा ३६ इंचांचा असतो. मॉड्युलर किचनच्या कॅटलॉगबरोबर तो आकडा आपल्याकडेही आला. आपल्याकडे बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ३७ इंचांवर येतं, आणि उभ्याने काम करताना हात कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असले तर खांदे भरून येत नाहीत. म्हणजे ओटा ३२-३३ इंच हवा. आता ३६ इंचांच्या ओट्यावर दोन इंचांचा पोळपाट ठेवा. लाटणं कोपराच्याही वर गेलं. पोळी लाटताना अंगाचं वजन वरून पडायला हवं. इथे सगळा जोर खांद्यातून द्यावा लागतो, आणि वीस पोळ्यांनंतर मान बोलायला लागते. डिझायनरने लॅपटॉपवर थ्रीडी दाखवलं तेव्हा, पोळ्या जिला लाटायच्या होत्या तिला शटरचा रंग तेवढा विचारलेला असतो.

हे झाल्यावर ओटा उतरवून घ्यायचा का? ग्रॅनाइट काढताना तडकायची भीती, सिंकचं प्लंबिंग पुन्हा, डॅडोच्या टाइल्सची रेघ ओट्याच्या वर लोंबकळणार, खालच्या ट्रॉल्या पुन्हा कापायच्या. खर्च पहिल्याच्या निम्म्याला जाऊन पोचतो. त्याऐवजी एक करून बघा. डायनिंग टेबल साधारण ३० इंचांचं असतं. त्यावर पोळपाट ठेवला की ३२ इंच, हवी तेवढीच उंची. कणीक मळणं आणि लाटणं टेबलावर, भाजणं ओट्यावर. थोडी ये-जा वाढते, खांदा सुटतो. उभं राहायला पाट घेण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. गरम तवा हातात असताना पाटावरून पाऊल चुकलं तर प्रकरण हळहळीवर थांबत नाही.

ओट्याचं दुखणं आठवड्यात कळतं, सगळ्याच गोष्टींचं असं नसतं. म्हणून मोडतोड करण्याआधी घराला एक पावसाळा आणि एक गणपती मिळू द्यावा, असं माझं मत आहे. पावसाळ्यात घर कसं वागतं ते कळतं, आणि गणपतीत पंधरा माणसं जेवायला बसली की आपण कसे वागतो तेही. पुण्याची हवा एप्रिलात कोरडी ठणठणीत, जुलैत दमट. लाकूड त्याप्रमाणे आकसतं आणि फुगतं. श्रावणात दार चौकटीला घासतं म्हणून घाईने सुताराला बोलावून रंधा मारून घेतला, की एप्रिलात त्याच दाराला बोटभर फट. ओपन किचनचंही तसंच. पहिल्या महिन्यात मिरचीच्या फोडणीने हॉलमधले सगळे शिंकतात आणि भिंत पुन्हा घालायची भाषा सुरू होते. चिमणी फोडणीच्या आधी लावायची सवय लागली, खिडकी कोणती उघडायची ते कळलं, की निम्म्या घरांत ती भाषा थांबते. उरलेल्या निम्म्यांनी सरकता काचेचा पार्टिशन खुशाल बसवावा. बाल्कनी आत घेतलेल्यांची हळहळ मात्र पावसाळ्यात वाढतच जाते, कारण कपडे वाळत घालायला जागा उरत नाही. शिवाय ते काम महापालिकेच्या परवानगीशिवाय केलेलं असेल तर घर विकताना तो प्रश्न पुन्हा समोर येतो.

पण मुदत दिली की मुदत संपलीही पाहिजे. दिवाळीपर्यंत बघू म्हटलं, तर दिवाळीला ठरवायचं. बदलायचं तर बदलायचं, नाहीतर विषय बंद, दुकानांचे व्हिडिओ बघणंही बंद. हे मी शिस्तीच्या हौसेने सांगत नाही. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी हार्वर्डमध्ये फोटोग्राफीच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंपैकी दोन छापले आणि त्यातला एक स्वतःकडे ठेवायचा होता. काहींना सांगितलं, काही दिवसांत मन बदललं तर फोटो बदलून मिळेल. इतरांना सांगितलं, निवड आता कायमची. ज्यांना बदलायची सोय नव्हती, त्यांना आपला फोटो पुढे जास्त आवडला. सोय असलेले ‘तो दुसरा बरा होता का’ यातच अडकले. गंमत म्हणजे आधी विचारलं तर बहुतेक लोक बदलायची सोयच मागतात.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपण आजवर दुकानदाराचा उर्मटपणा म्हणून वाचली. युरोपात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. आपल्याकडे दुकानात जाऊन, हाताळून घेतलेला निर्दोष माल केवळ आवडेनासा झाला म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क कायद्यात नाही. ग्राहक म्हणून मला तो हवा आहे. पण सोफ्यावर बसून सोफ्याबद्दल वाद घालणाऱ्या कुटुंबांसाठी ती पाटी औषधी आहे, हेही खरं.

हळहळीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात घेतलेली वस्तू उत्तम असते आणि तीच घोळ घालते. फ्रेंच लेखक डेनी दिद्रो याने १७६९ साली आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. त्याला लालभडक, भारी झगा भेट मिळाला. तो अंगावर चढवल्यावर आजूबाजूच्या वस्तू गरीब दिसायला लागल्या. वेताची खुर्ची गेली, चामड्याची आरामखुर्ची आली. टेबल बदललं, चित्रं बदलली, आणि शेवटी आपल्या जुन्या झग्याचे आपण मालक होतो, नव्याचे गुलाम झालो, असं त्याला वाटलं. आपल्याकडे हा झगा बहुधा एल शेपचा सोफा असतो. तो आला की पडदे जुने दिसतात, पडदे बदलले की भिंत, भिंत रंगवली की पीओपी, पीओपीत दिवे बसवले की वायरिंग. पाच लाखांचं काम नऊवर गेलं म्हणून आपण इंटिरियरवाल्याला बोल लावतो. तो बिचारा दरवेळी आपल्यालाच विचारून पुढे गेलेला असतो.

आता पुण्यात सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारी हळहळ. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, एरंडवणे इथल्या सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या इमारती एकामागून एक रीडेव्हलपमेंटला चालल्या आहेत. आठ लाख घालून स्वयंपाकघर केलं आणि वर्षाच्या आत सोसायटीच्या सभेत विषय आला, अशी घरं बहुतेक गल्ल्यांत सापडतील. मग तेच सभासद हात वर करून म्हणतात, ‘आम्ही आत्ताच खर्च केलाय, आमचा विरोध.’ हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा १९८५चा अभ्यास इथे आठवतो. नाटकांचा हंगामी पास पूर्ण किमतीत घेतलेले प्रेक्षक, सवलतीत घेतलेल्यांपेक्षा, हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं दोघांना तीच होती. गेलेला पैसा वसूल करायला माणूस हजेरी लावत राहतो. ते आठ लाख विरोध केला तरी गेलेले आहेत आणि पाठिंबा दिला तरी. सभेत बघायचं ते इमारतीची अवस्था, मिळणारं क्षेत्र, भाडं, बँक गॅरंटी आणि बिल्डरचा इतिहास.

थोडंफार वाचवता मात्र येतं. नव्या पद्धतीचे किचन युनिट बहुतेक स्क्रूवर उभे असतात. सुताराकडून ते नीट उतरवून घेतले तर ट्रॉल्या, चॅनेल, चिमणी, वॉर्डरोबचे शटर नव्या घरात किंवा भाड्याच्या घरात लावता येतात. फरशी, डॅडो आणि पीओपी यांतलं काही हाती लागत नाही. विकास करारात जुन्या सामानाबद्दल, म्हणजे दारं, खिडक्या, ग्रिल, नळ यांबद्दल एक कलम असतं. घर रिकामं झाल्यावर ते कुणाचं, हे सही करण्याआधी वाचून घ्या. आणि तुमच्या इमारतीबद्दल नुसती कुजबुज सुरू असेल, तर यंदा फक्त रंग द्या.

पुढच्या आठवड्यात : जुनं सागवानी दार, पितळी कड्या आणि लोखंडी कपाट विकताना भाव कसा ठरतो.