अदृश्य किरणांचें भय

किरणोत्सर्गाचें नांव काढतांच पुष्कळांच्या अंगावर कांटा उभा राहतो. १९४५ सालीं हिरोशिमा व नागासाकी येथें झालेला संहार आठवला म्हणजे हें भय अकारण म्हणवत नाहीं. परंतु किरणोत्सर्ग मानवानें प्रथम निर्माण केला असें नव्हे. तो पृथ्वीइतकाच जुना आहे. १९१२ सालीं व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञानें बलूनमधून उंच जाऊन आकाशांतूनहि किरण येतात, हें दाखविलें. अन्नांतील पोटॅशियमचा अल्प अंश किरण सोडतो. त्यामुळें प्रौढ मनुष्याच्या देहांत दर सेकंदास सुमारें ४,००० अणूंचें विघटन चालूं असतें.

केरळांत करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरील वाळूंत थोरियम विपुल आहे. तेथील रहिवाशांची अनेक वर्षें पाहणी करून २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या किरणांमुळें कर्करोग वाढल्याचें आढळलें नाहीं.

तथापि नैसर्गिक तें सारें निरुपद्रवी, असेंहि नाहीं. जमिनींतून निघणारा रेडॉन वायु कोंदट घरांत सांचल्यास फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. तेव्हां किरण आहेत, एवढें कळून भागत नाहीं; ते किती आहेत, हें पाहावें लागतें. छातीच्या क्ष-किरण तपासणींत शरीरास जेवढे किरण लागतात, तेवढे निसर्गाकडून थोड्याच दिवसांत मिळतात. भयापोटीं ती तपासणी टाळणारा क्षयरोगी मात्र वेळेवर मिळणाऱ्या उपचारास मुकतो.