घरात कासव आले, आता दोघांना जपा

तालुक्याला किंवा बीडला कामासाठी गेलेले वडील परतताना प्लास्टिकच्या डबीत एक इवलेसे हिरवे कासव घेऊन येतात. कुठे मुलांचा हट्ट असतो, कुठे वास्तूसाठी कोणीतरी सुचवलेले असते. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाला हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना त्याचे अप्रूप वाटणे साहजिकच आहे. मग ओट्यावर काचेचे भांडे, त्यात थोडे पाणी आणि रंगीत खडे. नांदूरघाट असो की पुणे, चित्र हेच. महिना-दोन महिन्यांत कासव खाणे सोडते, पाठ मऊ पडते. कधी याच दिवसांत घरातील लहानग्याला ताप आणि जुलाब सुरू होतात. या दोन्ही दुखण्यांचा त्या भांड्याशी संबंध असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुकानात मिळणारे, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हे कासव म्हणजे ‘रेड इअर्ड स्लायडर’. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. आज तळहातावर मावणारे हे पिल्लू पुढे २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर २०-३० वर्षे जगते. म्हणजे भांडे नव्हे, मोठा टब लागणार, हे आधीच धरून चालावे.

पहिला आठवडा

नव्या जागी आलेले कासव बिचकलेले असते. दोन-चार दिवस ते खात नाही, आत दडून बसते. त्याला सारखे उचलू नये, पाहुण्यांना दाखवू नये. टबात त्याला मनसोक्त पोहता येईल इतके पाणी हवे आणि पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा दगड किंवा वीट हवी. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असेल, तर ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरावे. उरलेले खाणे रोज काढावे, पाणी वरचेवर बदलावे.

ऊन आणि चुना

मुलांना मुडदूस होतो, तसाच आजार कासवालाही होतो. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ आणि वाकडे होते. त्यासाठी अंगावर थेट ऊन हवे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात उजेड असतो, पण उपयोगाचे अतिनील किरण काच अडवते. रोज सकाळी अर्धा तास अंगणात टब ठेवावा, मात्र अर्ध्या भागावर सावली हवी आणि मांजर-कावळ्यांपासून राखण हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काचेचे भांडे उन्हात ठेवले, तर पाणी थोड्याच वेळात तापते आणि कासव दगावते.

नुसत्या सुक्या झिंग्यांवर त्याचे पोषण होत नाही. कासवांसाठीचे तयार खाद्य, गांडूळ, गाजराचा कीस, जास्वंदीची पाने असे आलटून पालटून द्यावे. भात, पोळी, बिस्किटे नकोत. पालक रोज नको, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातील समुद्रफेसाचा तुकडा टबात टाकला, तर कासव तो कुरतडते आणि त्याला कॅल्शियम मिळते. डोळे सुजणे, तिरके तरंगणे, नाकातून बुडबुडे येणे ही आजाराची लक्षणे आहेत. ती दिसली की पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

माणसांचे काय?

कासव ठणठणीत दिसले, तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पाण्यात उतरू शकतात. विषमज्वराच्या जंतूचे हे भाऊबंद. अमेरिकेत लहान मुलांना यामुळे आजार होत असल्याचे दिसल्यावर १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. कारण साधे होते. एवढे छोटे कासव मुले थेट तोंडात घालतात.

म्हणून कासवाला किंवा पाण्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. टब स्वयंपाकघरात ठेवू नये. भांडी घासण्याच्या मोरीत तो धुऊ नये आणि पाणी पिण्याच्या हंड्यांपासून दूर ओतावे. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी कासव हाताळूच नये. घरात रांगते बाळ असेल, तर कासव न आणणेच शहाणपणाचे.

संसर्ग झाल्यास सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळ सुरू होते. ओआरएस लगेच सुरू करावे, दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. शौचातून रक्त, जास्त ताप, मूल मलूल होणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ‘घरात कासव आहे’ हे आवर्जून सांगावे. या एका वाक्याने निदान सोपे होऊ शकते.

विहिरीत सोडू नका

कंटाळा आला म्हणून कासव विहिरीत किंवा मांजरा धरणात सोडणे हे पुण्याचे काम नाही. हे परदेशी कासव आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. सांभाळणे जमत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर विचारावे. शेतात किंवा ओढ्यात सापडलेले देशी कासव तर घरी आणूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

कासव दीर्घायुषी आहे, पण आपल्या घरात त्याचे आयुष्य किती, हे आपल्या सवयींवर ठरते. स्वच्छ पाणी, सकाळचे ऊन आणि धुतलेले हात एवढे पाळले, तर कासवही नांदते आणि घरही.